राजाचे सत्य आणि भूमीचे फळ : मध्ययुगीन आयर्लंडमधील राजोपदेश-वाङ्मय

१

पश्चिम युरोपातील मध्ययुगीन राजनीतिविचाराचा मागोवा घेताना अभ्यासकाची दृष्टी साहजिकच रोमन कायदा, ख्रिस्ती धर्मसंस्था आणि जर्मानिक टोळ्यांचे आचार ह्या तीन उगमांकडे वळते. आयर्लंड हे बेट ह्या चौकटीत सहज बसत नाही. रोमच्या सैन्याने ते कधीच जिंकले नाही. तेथे रोमन नगरे वसली नाहीत, की रोमन न्यायालये स्थापन झाली नाहीत. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म तेथे पोहोचला आणि त्याच्याबरोबर लॅटिन विद्याही पोहोचली. परंतु ह्या नव्या विद्येने देशी भाषेचा संकोच केला नाही. उलट सातव्या शतकापासून आयरिश भाषेत कायदा, वंशावळी, आख्याने आणि सुभाषिते ह्यांचे विपुल लेखन होऊ लागले. ग्रीक आणि लॅटिन वगळता युरोपातील अन्य कोणत्याही भाषेत इतक्या लवकर इतके विविध वाङ्मय लिहिले गेल्याचे आढळत नाही.

ह्या वाङ्मयात एक शाखा विशेष लक्ष वेधून घेणारी आहे. आयरिश भाषेत तिला 'तेगोस्क' म्हणजे शिकवण किंवा उपदेश असे नाव आहे. एखादा वृद्ध न्यायाधीश, एखादा पदच्युत राजा किंवा एखादा वीर हा नव्याने राज्यावर येणाऱ्या पुरुषास राज्य कसे करावे ते सांगतो, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. ह्या उपदेशाच्या मुळाशी एकच कल्पना आहे : राजा सत्याने वागला तर भूमी फळते, तो असत्याने वागला तर ती वांझ होते. ह्या कल्पनेला आयरिश ग्रंथांत 'फीर फ्लाथेमन', म्हणजे राज्यकर्त्याचे सत्य, अशी संज्ञा आहे. 'फीर' ह्या शब्दात सत्य आणि न्याय हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

ही कल्पना केवळ काव्यालंकार होती, प्राचीन धर्मश्रद्धेचा अवशेष होती, की राजसत्तेवर प्रत्यक्ष अंकुश ठेवण्याचे साधन होती, हा ह्या विषयातील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे ग्रंथ कोणत्या समाजात निर्माण झाले ते पाहणे अगत्याचे आहे.

२

मध्ययुगाच्या पूर्वार्धातील आयर्लंडमध्ये राजे पुष्कळ होते आणि राज्ये लहान होती. राजकीय जीवनाचा मूळ घटक म्हणजे 'तूआथ'. ह्या शब्दाचा अर्थ लोक असा होतो आणि त्या लोकांची वस्ती असलेली भूमी असाही होतो. प्रत्येक तूआथास स्वतःचा राजा असे. अनेक तूआथांवर वर्चस्व असलेला राजा त्याच्या वर, आणि प्रांताचा अधिपती त्याच्याही वर, अशी श्रेणी कायद्याच्या ग्रंथांत सांगितली आहे. आयरिश कायद्याचे थोर अभ्यासक डी. ए. बिंची ह्यांच्या अंदाजाप्रमाणे पाचव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान कोणत्याही वेळी ह्या बेटावर १५० हून कमी राजे नसावेत.

असा राजा आजच्या अर्थाने शासनसंस्थेचा प्रमुख नव्हता. त्याच्याजवळ नोकरशाही नव्हती, स्थायी सैन्य नव्हते. कायदा हा राजाने केलेला नसून न्यायविदांच्या परंपरेने जतन केलेला असे. न्यायविद, कवी आणि धर्माचार्य हे विद्यावंतांचे वर्ग विशेषाधिकारी मानले जात आणि सामान्य माणसास आपल्या तूआथाबाहेर जे संरक्षण मिळत नसे ते त्यांना मिळे. राज्यावर येण्याचा हक्कही ज्येष्ठ पुत्रास आपोआप प्राप्त होत नसे. राजकुळातील अनेक पात्र पुरुषांमध्ये त्यासाठी चुरस असे. अशा व्यवस्थेत 'योग्य राजा कोणता?' हा प्रश्न नीतिशास्त्राचा न राहता प्रत्येक पिढीत नव्याने उभा राहणारा व्यवहाराचा प्रश्न ठरतो. राजोपदेशाचे ग्रंथ हे त्या प्रश्नाला विद्यावंतांच्या वर्गाने दिलेले उत्तर आहे.

३

ह्या शाखेतील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणजे 'औदख्त मोरान', अर्थात मोरानचे मृत्युपत्र. त्याचे दोन पाठ आज उपलब्ध आहेत. रुडॉल्फ टुर्नाइसेन ह्यांनी १९१७ मध्ये त्यांचे संपादन केले. पुढे फर्गस केली ह्यांनी १९७६ मध्ये डब्लिनहून अधिक जुन्या पाठाची चिकित्सक आवृत्ती भाषांतरासह प्रसिद्ध केली. भाषेच्या पुराव्यावरून हा पाठ इ. स. ७०० च्या सुमाराचा मानला जातो.

ग्रंथाची पार्श्वभूमी दंतकथेची आहे. मोरान हा एक प्रख्यात न्यायाधीश. त्याच्या गळ्यात एक कडे असे आणि अन्याय्य निवाडा होताच ते आवळले जाई, अशी आख्यायिका आहे. करदात्या, हीन समजल्या जाणाऱ्या कुळांनी बंड करून उमरावांचा संहार केला; त्या वेळी एक गर्भवती राणी समुद्रापलीकडे आपल्या माहेरी, अल्बा म्हणजे स्कॉटलंड येथे, निसटली. तिचा पुत्र फेरादाख हा पुढे राज्य करण्यासाठी परत आला. मरणोन्मुख मोरान आपला मानसपुत्र नेरे ह्याच्याकरवी ह्या नव्या राजास आपला अखेरचा संदेश पाठवितो.

संदेशाचा मध्यभाग एकाच सूत्राच्या आवर्तनाने बांधला आहे. राज्यकर्त्याच्या सत्यामुळे रोगराई आणि विजेचे आघात दूर राहतात. त्याच्या सत्यामुळे वनातील फळे मुबलक येतात, गुरांना दूध होते, धान्य उंच वाढते, प्रवाहांत मासे खेळतात आणि सुलक्षणी संतती जन्मास येते, असे एकामागून एक सांगितले आहे. त्यानंतर राजाने काय काय पारखावे ह्याची दीर्घ यादी येते. भूमी तिच्या फळांवरून, लोखंड त्याच्या गुणांवरून, सोने त्याच्या कलाकुसरीवरून आणि मेंढ्या लोकरीवरून पारखाव्यात, तसेच माणसांचे निरनिराळे वर्गही त्यांच्या योग्यतेप्रमाणे व हक्काप्रमाणे ओळखावेत, अशी ही यादी आहे. वृद्धांना त्यांच्या पूर्वजांच्या आसनावर मान मिळावा, आईबापांचे पोषण व्हावे, मोठमोठ्या नजराण्यांनी राजाचे डोळे दिपून दुर्बळांच्या दुःखाकडे त्याचे दुर्लक्ष होऊ नये, कायद्याचे खरे दाखले ज्याला ठाऊक नाहीत अशाला न्यायाधीश म्हणून मोठेपणा देऊ नये, ही ह्या उपदेशाची काही कलमे होत. ह्यांतून राजाचे प्रधान कर्म मोजणे आणि पारखणे हे आहे, असे दिसते. प्रत्येक वस्तूचे आणि व्यक्तीचे यथार्थ मूल्य ओळखणे म्हणजेच सत्य, असा त्याचा अर्थ होतो.

ह्याच ग्रंथात जुन्या रथाच्या सारथ्याचा दृष्टान्त आहे. जीर्ण रथ हाकणारा सारथी झोपत नाही. तो पुढे पाहतो, मागे पाहतो, उजवीकडे व डावीकडे पाहतो, नाहीतर चाकांच्या धावा मोडतील. राज्य हे नवे व भक्कम यंत्र नसून जपून वापरण्याची जुनी वस्तू आहे, ही जाणीव ह्या दृष्टान्तात आहे. अखेरीस राज्यकर्त्यांचे चार प्रकार सांगितले आहेत : सत्याने राज्य करणारा, चतुराईने राज्य करणारा, बाहेरून आणलेल्या सैन्याच्या बळावर राज्य बळकावणारा आणि बैलाप्रमाणे सतत टकरा देणारा व घेणारा. ह्यांपैकी पहिलाच राजा ह्या नावास पात्र ठरतो. बाहेरचे सैन्य निघून गेले की तिसऱ्याचे राज्य ओसरते, हे निरीक्षण तत्कालीन आयर्लंडच्या अनुभवातून आलेले असावे.

४

ह्यानंतरचा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे 'तेगोस्का कॉर्मक'. तो नवव्या शतकातील मानला जातो. कूनो मायर ह्यांनी १९०९ मध्ये त्याचे संपादन व इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. तिसऱ्या शतकात तारा येथे राज्य केल्याचे परंपरा सांगते त्या कॉर्मक मॅक आर्ट ह्या राजाला त्याचा पुत्र कार्ब्रे प्रश्न विचारतो आणि कॉर्मक उत्तरे देतो, अशी त्याची संवादात्मक रचना आहे. राजाला हितकर काय, प्रजेला हितकर काय, सभेत कसे बोलावे, मेजवानीत कसे वागावे, मूर्ख कसा ओळखावा, हवामानांत वाईट कोणते, असे प्रश्न एकामागून एक येतात. कॉर्मकला त्याच्या तारुण्यातील सवयी विचारल्या असता तो सांगतो की, तो अरण्यात कान देऊन ऐकणारा होता, ताऱ्यांकडे पाहणारा होता, दुसऱ्याच्या गुपिताबाबत आंधळा होता, रणात कठोर आणि मद्यशाळेत सौम्य होता.

'औदख्त मोरान' आणि हा ग्रंथ ह्यांत सुमारे एका शतकाचे अंतर आहे आणि तेवढेच वृत्तीचेही अंतर आहे. पहिल्या ग्रंथात सृष्टीची व्यवस्था राजाच्या सत्यावर टेकलेली आहे. दुसऱ्यात ती श्रद्धा कायम असली तरी दरबारी शिष्टाचार, मितभाषण, सावधगिरी आणि लोकव्यवहार ह्यांना अधिक जागा मिळाली आहे. स्त्रियांची निंदा करणारे एक लांबलचक प्रकरणही त्यात आहे. ते ह्या ग्रंथकारांच्या सत्यनिष्ठेच्या मर्यादा स्पष्ट करते; 'यथार्थ मूल्य ओळखणे' ह्या तत्त्वाचा लाभ समाजातील सर्वांस सारखा मिळाला नाही.

कॉर्मकने हा उपदेश केव्हा केला, ह्याविषयीची परंपरा अर्थपूर्ण आहे. एका संघर्षात त्याचा एक डोळा गेला. अंगाने व्यंग असलेल्या पुरुषाने ताराचे राज्य करू नये, असा दंडक असल्यामुळे त्याला सिंहासन सोडावे लागले आणि जवळच्या एका टेकडीवर निवृत्तीत असताना त्याने पुत्रास मार्गदर्शन केले. ज्ञान आहे पण अधिकार नाही, अशा माणसाच्या तोंडी उपदेश घातला आहे. मोरानही मरणोन्मुखच आहे. उपदेशकास स्वतःचा स्वार्थ उरलेला नाही, हे दाखविण्याची ही योजना दिसते.

ह्या शाखेत आणखीही ग्रंथ आहेत. कूहुलिन हा वीर आजारी अवस्थेत आपल्या मानसपुत्रास, लुगाद ह्यास, राज्यारोहणाच्या वेळी करतो तो उपदेश एका आख्यानात समाविष्ट झाला आहे. नॉर्थंब्रियाचा राजा आल्डफ्रिथ (राज्यकाल ६८५ ते ७०४-५) हा आयरिश मातेचा पुत्र आणि विद्वान म्हणून प्रसिद्ध होता. फ्लान फीना ह्या त्याच्या आयरिश नावावर एक सुभाषितसंग्रह प्रचलित आहे. तीन-तीन वस्तूंचे वर्ग करून व्यवहारज्ञान सांगणारा 'आयर्लंडची त्रिके' हा संग्रहही ह्याच कुळातला. मायर ह्यांनी तो १९०६ मध्ये प्रसिद्ध केला.

५

राजाचे सत्य ही कल्पना उपदेशग्रंथांपुरतीच असती, तर ती अलंकार म्हणून बाजूला सारता आली असती. परंतु कायद्याच्या ग्रंथांत आणि आख्यानांतही ती आढळते.

इ. स. ७०० च्या सुमारास लिहिलेल्या 'क्रीथ गब्लाख' ह्या कायदेग्रंथात समाजातील श्रेणींचे हक्क आणि कर्तव्ये दिली आहेत. त्यात राजाच्या आठवड्याचा क्रमही सांगितला आहे : रविवार मद्यपानाचा, सोमवार निवाड्याचा, मंगळवार पटावरील खेळाचा, बुधवार शिकारी कुत्र्यांची धाव पाहण्याचा, गुरुवार पत्नीसहवासाचा, शुक्रवार घोड्यांच्या शर्यतींचा आणि शनिवार पुन्हा निवाड्याचा. ह्या क्रमात विनोदाची छटा असली, तरी सातांपैकी दोन दिवस न्यायदानासाठी राखलेले आहेत ही गोष्ट दुर्लक्षणीय नाही. राजा कुदळ किंवा कुऱ्हाड घेऊन श्रम करताना आढळला, अथवा रणातून पळताना त्याच्या पाठीवर घाव बसला, तर त्याचे मानमूल्य सामान्य माणसाइतके खाली येई. मानमूल्य म्हणजे अपमान वा इजा झाल्यास मिळावयाची भरपाई. तूआथाच्या राजाचे ते सात 'कुमल' इतके असे. कुमल ह्या शब्दाचा मूळ अर्थ दासी असा असून पुढे तो मूल्याचे एकक बनला. खोटा निवाडा देणारा राजा, पतित धर्माध्यक्ष, फसवणूक करणारा कवी आणि अपात्र उमराव हे चौघे आपल्या पदाचा मान गमावतात, असाही कायद्याचा दंडक होता.

राजाविरुद्ध दाद मागण्याची सोयही कायद्याने केलेली होती. राजाची वस्तू प्रत्यक्ष जप्त करणे प्रतिष्ठेच्या आड येत असल्यामुळे, त्याच्या वतीने एक सामान्य माणूस जबाबदार धरला जाई व जप्ती त्याच्यावर होई. विशेषाधिकारी पुरुषाकडून येणे वसूल करावयाचे असल्यास फिर्यादी त्याच्या दारी उपवास करी. ह्या उपवासाची दखल न घेणारा माणूस आपला कायदेशीर मान गमावी.

शारीरिक व्यंगाचा नियमही केवळ कथेतला नव्हता. मधमाशांविषयीच्या एका कायदेग्रंथात कोंगल काइख ह्या राजाचा दाखला दिला आहे. मधमाशीच्या दंशाने त्याचा डोळा गेला आणि त्यामुळे त्याला ताराच्या राज्यावरून दूर व्हावे लागले, असे तेथे नमूद आहे. हा कोंगल ऐतिहासिक पुरुष असून ६३७ मध्ये माग रोथच्या लढाईत तो मारला गेला.

आख्यानांत हेच तत्त्व अधिक स्पष्टपणे मांडले आहे. ताराचा राजा लुगाद मॅक कोन ह्याच्यापुढे एक तंटा आला. कोणाच्या तरी मेंढ्यांनी राणीच्या बागेतील नीळ देणारी रोपे खाल्ली होती. मेंढ्या जप्त कराव्यात, असा निवाडा राजाने दिला. जवळच असलेल्या कॉर्मक ह्या मुलाने तो अमान्य केला : रोपे पुन्हा वाढतील, लोकरही पुन्हा वाढेल, म्हणून एका कापणीची भरपाई दुसऱ्या कापणीने व्हावी, मेंढ्या नव्हे तर त्यांची लोकर द्यावी. खोटा निवाडा उच्चारला गेला त्या क्षणी राजगृहाची ती बाजू उतारावरून घसरली. पुढे एक वर्षभर गवत उगवले नाही, झाडांना पालवी फुटली नाही, धान्य पिकले नाही. तेव्हा लोकांनी मॅक कोनला घालवून दिले. ह्या कथेत असत्य म्हणजे खोटे बोलणे नव्हे, तर हानी आणि भरपाई ह्यांचे प्रमाण चुकणे होय. राणीची बाग म्हणून तिचे मूल्य वाढत नाही, हा तिचा कायदेशीर आशय आहे.

कोनरे मोर ह्या राजाची कथा अधिक करुण आहे. त्याच्या राज्यात समृद्धी आणि शांतता होती. परंतु त्याचे मानसबंधू चोऱ्या व लूटमार करू लागले. इतर लुटारूंना त्यांच्या पित्यांनी ठार करावे आणि आपल्या मानसबंधूंना मात्र जीवदान मिळावे, असा निवाडा त्याने दिला. त्यातील अन्याय ध्यानात येताच त्याने तो मागे घेऊन सर्वांना हद्दपार केले. परंतु तोपर्यंत उशीर झाला होता. हेच हद्दपार लोक परकीय चाच्यांसह परतले आणि ज्या आतिथ्यगृहात राजा उतरला होता ते त्यांनी जाळले. आप्तप्रेमाने केलेला एकच पक्षपात राज्याच्या नाशास पुरेसा ठरला.

६

ह्या कल्पनेचा उगम कोठे शोधावा, ह्याविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत आणि त्या मतभेदांत भारताचाही संबंध येतो.

आयरिश आणि भारतीय परंपरांतील साम्ये एकोणिसाव्या शतकातच लक्षात आली होती. हेन्री मेन ह्यांनी १८७५ मध्ये आयरिश उपवासाची तुलना भारतातील धरण्याशी केली. आयरिश ग्रंथांचे संपादक व्हिटली स्टोक्स हे १८७७ ते १८८२ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदेविषयक सभासद होते आणि त्यांचे काही आयरिश संशोधन कलकत्त्यास छापले गेले. पुढे माइल्स डिलन ह्यांनी १९४७ मध्ये आयरिश राजसत्य आणि भारतीय सत्यक्रिया ह्यांची तुलना करून दोहोंच्या मुळाशी समान वारसा असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचा ह्या विषयावरील अखेरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९७५ मध्ये सिमला येथील भारतीय उच्च अध्ययन संस्थेने प्रसिद्ध केला.

भारतीय वाचकास हे साम्य सहज जाणवण्यासारखे आहे. महाभारताच्या विराटपर्वात अज्ञातवासातील युधिष्ठिराला कोठे शोधावे असा प्रश्न येतो, तेव्हा भीष्म सांगतात की, जेथे तो राहत असेल तेथे पर्जन्य वेळेवर पडत असेल, धान्य रसाळ असेल, गाई पुष्कळ व दुधाळ असतील आणि लोक सत्यवचनी असतील. शांतिपर्वातील राजधर्मविवेचनातही राजाच्या आचरणाने युगाचे स्वरूप ठरते, असा सिद्धान्त आहे. 'औदख्त मोरान' मधील फलश्रुतीशी ह्याचे नाते उघड वाटते.

तथापि साम्य दिसणे निराळे आणि समान उगम सिद्ध होणे निराळे. न्यायी राजाच्या राज्यात भूमी, वृक्ष आणि समुद्र भरभरून देतात, हे होमरच्या 'ओडिसी'तही आले आहे. तेवढ्यापुरते ते समान इंडो-युरोपीय वारशाच्या बाजूने जाईल. परंतु हिब्रू धर्मग्रंथांतही राजाच्या न्यायाशी पाऊस आणि पीक ह्यांची सांगड घातली आहे, आणि ते ग्रंथ आयरिश मठांत रोज वाचले जात होते. जेम्स कार्नी ह्यांनी १९५५ मध्ये आयरिश वाङ्मयास निव्वळ मौखिक प्राचीन परंपरेचा ठेवा मानणाऱ्या मतावर आक्षेप घेतला, आणि किम मॅकोन ह्यांनी १९९० मध्ये हे वाङ्मय मूलतः ख्रिस्ती मठांतील विद्वानांची निर्मिती असल्याचे विस्ताराने प्रतिपादिले.

ह्या वादात लॅटिन पुरावा निर्णायक नसला तरी उद्बोधक आहे. सातव्या शतकात आयर्लंडमध्ये 'जगातील बारा विपर्यास' ह्या अर्थाचा एक लहानसा लॅटिन ग्रंथ लिहिला गेला. मध्ययुगात तो संत सिप्रियन ह्याच्या नावावर खपत होता. त्याचे आयरिश मूळ सिगमुंड हेलमान ह्यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले. आचरणहीन विद्वान, दानहीन धनिक, उद्धट दरिद्री अशा विपर्यासांत नववा विपर्यास अन्यायी राजाचा आहे. राजाने कोणावर बळजबरी करू नये, तोंड पाहून निवाडा देऊ नये, परके, अनाथ व विधवा ह्यांचे रक्षण करावे, वृद्ध व संयमी सल्लागार नेमावेत, असे तेथे सांगितले आहे. असे न केल्यास शांतता भंगते, भूमीची फळे घटतात, वादळे व विजा पिके नासतात आणि राजाच्या पुत्रांना राज्य मिळत नाही. फळांची यादी 'औदख्त मोरान'ला जवळची आहे; परंतु येथे सृष्टीचा कोप ईश्वराच्या न्यायातून येतो आणि सॉलोमनचे उदाहरण दाखल्यास दिले आहे.

हा लहान ग्रंथ आयर्लंडबाहेर दूरवर गेला. ७७५ च्या सुमारास कॅथवुल्फ ह्याने शार्लमेनला लिहिलेल्या पत्रात त्याचे प्रतिध्वनी आढळतात. ८२९ च्या पॅरिस येथील धर्मसभेने अन्यायी राजाविषयीचा त्यातील भाग उद्धृत केला. नवव्या शतकाच्या मध्यास लिएज येथे वास्तव्य केलेल्या सेदुलियस स्कोटस ह्या आयरिश विद्वानाने ख्रिस्ती राज्यकर्त्यांसाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्या बेटावर रोमचे राज्य कधी झाले नाही, त्या बेटाने रोमचा वारसा सांगणाऱ्या सम्राटांना राजधर्म शिकविला, असे म्हणावयास हरकत नाही.

मग 'औदख्त मोरान' प्राचीन की ख्रिस्ती? ग्रंथात ख्रिस्ती उल्लेख ठळकपणे येत नाहीत. तरी तो लिहिणारा हात मठात किंवा मठाच्या छायेत शिकलेला होता, ह्यात शंका नाही. लेखनविद्या तेथेच होती. देशी परंपरेतील सत्याची कल्पना आणि धर्मग्रंथांतील न्यायी राजा ह्यांत तत्कालीन विद्वानास विरोध दिसला नाही. दोहोंपैकी एकाने दुसऱ्यास बळकटी दिली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. शिवाय त्या पिढीचा अनुभवही विसरून चालणार नाही. ६६४ मध्ये आणि पुन्हा ६८३ नंतर आयर्लंडमध्ये मोठी साथ पसरली. दुसऱ्या वेळी मुले मोठ्या संख्येने दगावल्याची नोंद इतिवृत्तांत आहे. ६९७ मध्ये अडोम्नान ह्या मठाधिपतीने स्त्रिया, मुले व धर्माचार्य ह्यांना युद्धातील हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा अनेक राजांच्या हमीने घोषित केला. राजाच्या सत्यामुळे रोगराई दूर राहते आणि सुलक्षणी संतती जन्मते, हे वाक्य ऐकणाऱ्या ७०० च्या श्रोत्यास ते दूरच्या पुराणकाळाविषयी आहे असे वाटले नसेल.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हा उपदेश सत्तेवरील अंकुश होता काय?

एका अर्थाने होता. ज्या समाजात राजाला जाब विचारणारी संस्था नव्हती, तेथे विद्यावंतांनी जाब विचारण्याचे काम सृष्टीकडे सोपविले. दुष्काळ, साथ, पराभव ह्यांपैकी काहीही घडले की राजाच्या सत्याविषयी प्रश्न उपस्थित करता येई. आणि त्या प्रश्नाचा अर्थ लावण्याचा अधिकार न्यायविद, कवी व धर्माचार्य ह्यांनी आपल्याकडे ठेवला होता. सिंहासनास अनेक दावेदार असताना असा प्रश्न निरुपद्रवी राहत नसे.

परंतु हे शस्त्र दुधारी होते. पीक चांगले आले की तोच पुरावा राजाच्या बाजूने जाई. मग त्याने राज्य कसे मिळविले ह्याची चौकशी उरत नसे. ह्याहून गंभीर गोष्ट ग्रंथाच्या पार्श्वकथेतच आहे. फेरादाख परत येण्यापूर्वी भूमी ओसाड झाली होती ती कोणामुळे? हीन कुळांनी उमरावांचे राज्य उलथून टाकल्यामुळे, असे कथा सांगते. म्हणजे राजाला आवरणारे जे तत्त्व, तेच तत्त्व कष्टकऱ्यांच्या बंडाला सृष्टिविरुद्ध ठरविण्यासही उपयोगी पडते. दास्याने स्वातंत्र्यापुढे नमावे, हा क्रमही 'औदख्त मोरान' अंधाराने प्रकाशापुढे नमण्याइतकाच नैसर्गिक मानतो. रामायणाच्या उत्तरकांडात ब्राह्मणपुत्राच्या अकालमृत्यूचा दोष राजाकडे येतो आणि त्याचे निवारण शंबूकाच्या वधाने होते. तेथेही राजाच्या जबाबदारीचे तत्त्व श्रेणीच्या रक्षणाकडे वळलेले दिसते. दोन्ही परंपरांची तुलना करावयाची असल्यास ती केवळ उदात्त स्थळांपुरती मर्यादित ठेवणे न्याय्य होणार नाही.

तरीही ह्या वाङ्मयाचे मोल कमी होत नाही. राजा हा कायद्याचा निर्माता नसून कायद्याचा पहिला बांधील पुरुष आहे. त्याचे मोठेपण विजयांत नसून योग्य मोजमापात आहे. आप्तासाठी केलेला पक्षपात क्षम्य नाही, ह्या गोष्टी आयरिश विद्यावंतांनी अनेक शतके सांगितल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजी सत्ता बळावत असताना, तॉमंडचा नवा अर्ल डोना ओब्रायन ह्याला त्याच्या वंशपरंपरागत कवीने, टायग मॅक ब्रुआदी ह्याने, जुन्याच वळणाचा उपदेश पद्यात केला. १६०१ मधील किन्सेलचा पराभव आणि १६०७ मधील अर्लांचे देशांतर ह्यांनंतर ज्यांना उपदेश करावयाचा ते राजेच उरले नाहीत, आणि ही परंपरा थांबली.

सारांश, आयरिश राजोपदेश हे केवळ प्राचीन श्रद्धेचे अवशेष नव्हेत, आणि केवळ मठांतील लॅटिन विद्येचे भाषांतरही नव्हेत. शासनयंत्रणा नसलेल्या समाजाने सत्तेला अटी घालण्याचा केलेला तो प्रयत्न होता. त्या अटी कोणी घातल्या आणि त्यांचा लाभ कोणास मिळाला, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले, तरच ह्या वाङ्मयाचे ऐतिहासिक मूल्यमापन पुरे होऊ शकेल.